गुडघ्याचं सोंग

ऐन गवतकापणीत, वरच्या उताराचं गवत अजून उभं असताना थोरल्याने गुडघा मोडून घेतला, ही गोष्ट आक्काला तोंडावर थुंकल्यासारखी लागली. गडी पडायचाच होता तर कापणीआधी पडायचा, नाहीतर गंज्या रचून झाल्यावर. पण नाही. आभाळात ढग फिरायला लागले होते, अवकाळीची हूल उठली होती, मजूर हात राखून काम करत होते, आणि हे महाशय भाऱ्यासकट उतारावर आडवे.

झालं असं, की थोरला भारा घेऊन उतरत होता. भारा नेहमीचाच, म्हणजे दोघांनी उचलून डोक्यावर द्यावा एवढा. खालून धाकट्याने ट्रॅक्टर कुठे लावू म्हणून हाक मारली. थोरला बोलायला वळला, आणि पाय घुशीच्या बिळात होता तो बिळातच राहिला. वरचं धड वळलं, खालचा पाय वळला नाही. गुडघ्यातून टक्कन आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा, आणि थोरला भाऱ्याखाली दिसेनासा झाला.

आक्का विळा हातात घेऊनच आली. आधी तिनं भारा बघितला. दोर सुटून गवत पार खालच्या बांधापर्यंत विखुरलं होतं. मग तिनं लेकाकडे बघितलं.

“आत काहीतरी तुटलं,” थोरला म्हणाला. “आवाज आला.”

“दोराचा आला,” आक्का म्हणाली. “ऊठ.”

तो उठला. हे आक्कानं पुढे येईल त्याला सांगितलं, की तुटलं असतं तर माणूस उठला असता का? उठला, आठ-दहा पावलं चाललासुद्धा. मग बांधावरून उतरताना गुडघा आतल्या बाजूला लचकला आणि तो पुन्हा बसला, तो बसलाच.

सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. पोटची पोरंही आक्काच म्हणायची, कारण आई म्हणावं असा प्रसंग तिनं फारसा येऊच दिला नव्हता. नवरा गेला तेव्हा दोन्ही पोरं गुडघ्याएवढी होती. तेव्हापासून माळाचे उतार खंडाने घ्यायचे, गवत कापायचं, वाळवायचं, खळ्यात गंज्या रचायच्या आणि उन्हाळाभर गोठेवाल्यांना विकायचं, हा व्यवहार तिनं एकटीनं ओढला होता. थोरला तिचा हात. अंगानं दांडगा, तोंडानं मुका. त्याच्यासारखी गंजी पंचक्रोशीत कुणाला रचता येत नसे. त्यानं माथा बांधला की पाण्याचा थेंब आत जायचा नाही. धाकटा मात्र तोंडानं दांडगा. ट्रॅक्टरच्या सीटवरून तो खाली उतरे तो फक्त जेवायला.

घरी आणेपर्यंत थोरल्याचा गुडघा कलिंगडासारखा फुगला होता. थोरल्या सुनेनं बादलीतलं गार पाणी फडक्यावर घेऊन त्यावर ठेवलं आणि पायाखाली उशी सरकवली. आक्कानं उशी काढून घेतली. उशा डोक्याखाली घेतात, म्हणाली, आणि धाकट्याला मामाकडे पिटाळलं.

मामा म्हणजे आक्काचा सख्खा भाऊ. हाडं बसवायचा. माणसांची, गुरांची, ज्यांची येतील त्यांची. त्याच्या हाताला गुण आहे असं सगळेच म्हणत. ज्यांना गुण आला नव्हता ते फार चालू-फिरू शकत नसल्यामुळे त्यांचं मत कुणाच्या कानावर यायचं नाही. मामानं गुडघ्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि शीर चढल्याचं जाहीर केलं. मग धाकट्याला मांडी दाबून धरायला लावली, स्वतः घोटा धरला आणि पाय ओढून असा पिळला की गोठ्यातली जनावरं उभी राहिली. थोरला जन्मात पहिल्यांदा ओरडला. आक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं. लेक ओरडला याचं वाईट नाही वाटलं. चार लोकांत ओरडला याचं.

मामानं घाम पुसत विचारलं, की शीर खाली उतरल्याचा आवाज ऐकला ना सगळ्यांनी? सगळ्यांनी ऐकला म्हणून सांगितलं. थोरली सून तेवढी गप्प होती. मामानं कसलासा पाल्याचा गरम लेप थापला, वर आवळून पट्टी बांधली आणि पाचव्या दिवशी गडी डोंगर चढेल असं सांगून चहा पिऊन गेला.

पाचव्या दिवशी गड्याला मोरीपर्यंत जाता येईना. सूज पोटरीपर्यंत उतरली होती, कातडी निळी-पिवळी झाली होती आणि लेपाखाली भाजल्याचे फोड आले होते. सुनेनं नवऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, पण सकाळी तो ट्रॉलीत बसलेला दिसला. तालुक्याच्या दवाखान्यात नेतो म्हणून धाकट्यानं सांगितलं. आक्कानं नको म्हटलं नाही. तालुक्याला गोठेवाल्याकडे निरोप द्यायचाच होता.

तिथल्या डॉक्टरपुढे बाहेरच्या झाडापर्यंत रांग होती. त्यानं खुर्चीतून न उठता गुडघा दाबला, दुखतं का विचारलं, दुखतं म्हटल्यावर फोटो काढायला पाठवलं. फोटो उजेडाला धरून हाड शाबूत आहे म्हणाला. लचक आहे, गोळ्या घ्या, पट्टी बांधा, पुढचा कोण आहे?

तो फोटो घरी आला आणि थोरल्याचं मरण ओढवलं. आक्कानं तो उन्हाला धरून दोन्ही बाजूंनी बघितला. हाडं पांढरीशुभ्र, घासून ठेवल्यासारखी. हाडं माझ्या घरातली आहेत, ती म्हणाली, हाडात खोट निघायचीच नाही; खोट आहे ती मनात. त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवला जाऊ लागला. शेजारीण आली, फोटो. मजूर उचल मागायला आले, फोटो. शहाण्या डॉक्टरानं मशिनीनं बघितलंय, काही नाही, गुडघ्याचं सोंग आहे. धाकट्यानं तर ट्रॅक्टरवरून गावभर पसरवलं, की दादाचा गुडघा फोटोत हसतोय.

दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली आणि थोरला कामावर आला. तिथे खरी फजिती सुरू झाली. रोज लंगडला असता तर लोकांना कीव तरी आली असती. पण सपाटीवर हा सरळ चाले, विळा धरून बसे, कुणी बघावं तर धडधाकट गडी. आणि भारा घेऊन जरा वळला, की गुडघा दगा द्यायचा. मांडीचं हाड एकीकडे आणि नडगी एकीकडे गेल्यासारखं व्हायचं आणि तो बसकण मारायचा. कधी भाऱ्यासकट, कधी नुसताच. एक मजूर त्याची नक्कल छान करायचा. दोन पावलं ऐटीत चालायचा, मान वळवायचा आणि मटकन बसायचा. बाया तोंडाला फडकं लावून हसत. आक्का हसत नसे, पण थांबवतही नसे.

एकदा दुपारी थोरला खळ्याच्या तोंडाशी सगळ्यांसमोर पडला. आक्कानं त्याच्या डोक्यावरचा भारा स्वतः उचलला, आपल्या डोक्यावर घेतला आणि जाता जाता म्हणाली, “राजेसाहेब, उद्यापासून म्हाताऱ्यांत बसून दोर वळा. बसून पडायची भीती नाही.”

थोरला दोर वळायला बसला. एक म्हातारा बहिरा होता आणि दुसऱ्याला दिसत नव्हतं. त्या दोघांत हा दांडगा माणूस पाय पुढे टाकून दोर वळायचा आणि मान वर करायचा नाही. जेवताना पानावरून उठायला त्याला भिंत धरावी लागे. सुनेनं एकदा आक्काला बाजूला घेऊन सांगितलं, की यांची डावी मांडी उजवीपेक्षा बारीक होत चाललीय, अंघोळीला पाणी देताना दिसतं. आक्का म्हणाली, काम केलं की मांडी भरते. पलंगावर म्हैस बसवली तर तीही रोड होईल.

मग एक दिवस वारा पडला. आभाळ खाली आलं आणि मोठ्या गंजीला माथा नव्हता. धाकट्यानं कडा आधी भरून मधला भाग खोलगट ठेवला होता. असल्या गंजीत पाणी वाटीत साठावं तसं साठतं, आणि मग गवत आतून तापतं, काळं पडतं, जनावर तोंड लावत नाही. आक्कानं गंजीकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं, आणि नाचता येईना अंगण वाकडं असं काहीतरी पुटपुटून दोर वळणाऱ्यांकडे गेली.

थोरल्यानं वर बघितलं. तिनं नुसती मान गंजीकडे केली.

तो शिडीवरून चढला. वर गेल्यावर मात्र बघणाऱ्याला वाटावं हा पडणारा माणूसच नव्हे. मध्ये भर घालत गेला, पायानं दाबत गेला, हातानं कडा उतरत्या करत गेला. खालून भारे वर जात होते. शेवटचे तीन-चार राहिले असतील, तेवढ्यात धाकट्यानं एक भारा नको त्या बाजूने फेकला, तो झेलायला थोरला वळला, आणि गंजीवरून घसरत, गवत बरोबर घेत खाली आला. गवतावर पडला म्हणून डोकं वाचलं. पण गुडघा वाकला होता तो वाकलेलाच राहिला. सरळ करावा तर मध्येच काहीतरी अडकल्यासारखा थांबे. दारात पाचर ठोकावी तसा.

मामाला बोलवायला कुणी गेलं नव्हतं, तरी तो आला. शीर या वेळी उलटी चढलीय म्हणाला, बाह्या वर केल्या, धाकट्याला मांडी धरायची खूण केली. थोरली सून खोलीच्या दारात उभी होती. ती तिथून हलली नाही.

“मामा, हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

मामानं आक्काकडे बघितलं. घरातल्या भांड्यानं बोलावं तशी गोष्ट होती. या सुनेनं इतक्या वर्षांत ‘हो’ आणि ‘आले’ याच्या पुढे शब्द काढला नव्हता.

“बाजूला हो,” आक्का म्हणाली.

“नाही होत. मी यांना शहरात मोठ्या दवाखान्यात नेणार आहे. माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. तुम्हाला मारायचं असेल तर मला मारा, पण यांचा पाय आता ओढायचा नाही.”

आक्कानं कधी कुणाला मारलं नव्हतं. तिला गरज पडली नव्हती. ती सुनेकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, की ठीक आहे, मीपण येते. शहरातल्या डॉक्टरच्या तोंडूनच ऐकवते तुला, म्हणजे एकदाचं तोंड बंद होईल. आणि तो फोटो तिनं पिशवीत घातला.

शहरातली डॉक्टर बाई निघाली. वयानं धाकट्याहून लहान, दंड काडीसारखे. आक्काला वाटलं हिला विळा दिला तर विळाच हिला घेऊन पडेल. पण बाई खुर्चीतून उठली. तिनं थोरल्याला पलंगावर बसवलं, स्वतः स्टुलावर बसली आणि विचारायला लागली. पडलात तेव्हा पाय जमिनीत रुतलेला होता का? शरीर वळलं होतं का? आवाज आला का? सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी?

आक्काच उत्तरं देत होती. आवाज दोराचा होता. सूज घरी येईपर्यंत आली, नाजूक कातडी, दुसरं काय. बाईंनी दोन उत्तरं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “आजी, गुडघा त्यांचा आहे. त्यांना बोलू द्या.”

आक्काला आजी कुणी म्हटलं नव्हतं, आणि गप्प बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. दोन्ही एका दमात झालं.

मग थोरला बोलला. हळूहळू, थांबत थांबत, पण सगळं बोलला. टक्कन झालेला आवाज, घरी पोचेपर्यंत आलेली सूज, मामाचं ओढणं, वळताना नडगी निसटते ती कशी निसटते, गंजीवरून पडल्यावर आत काय अडकलं. आक्काला तो एवढा बोलू शकतो हेच ठाऊक नव्हतं. बाईंनी दोन्ही पायांवरून विजार वर करायला सांगितली आणि मांडीला टेप लावला. टेपची गरज नव्हती. डावी मांडी एखाद्या पोराची असावी तशी दिसत होती.

त्यांनी आधी चांगला गुडघा तपासला, मग दुखरा. जरा वाकलेल्या पायाची मांडी एका हातानं घट्ट धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. मग पाय बाजूला कलवून बघितला, आतून आणि बाहेरून. सांध्याच्या फटीवर बोटानं दाबलं तेव्हा थोरल्याचं तोंड वाकडं झालं, पण तो ओरडला नाही.

आक्कानं पिशवीतून फोटो काढून पुढे केला. हाडाला काही नाही, ती म्हणाली, डॉक्टरनंच सांगितलंय.

“बरोबर सांगितलंय. हाडाला काहीच नाही,” बाई म्हणाल्या. “फोटोत हाडं दिसतात. हाडांना बांधून ठेवणारी दोरी दिसत नाही. इकडे या. हात द्या तुमचे.”

आक्काचे हात त्यांनी धरले आणि आधी थोरल्याच्या उजव्या पायावर ठेवले. एक मांडीवर, एक नडगीच्या मागे. ओढा म्हणाल्या. आक्कानं ओढलं. नडगी केसभर सरकली आणि थांबली. आत काहीतरी ताठ झालं आणि त्यानं हात अडवला. मग डावा पाय. आक्कानं ओढलं आणि नडगी येत राहिली. कुठे थांबलीच नाही. दावं तुटलेलं जनावर ओढीला जसं बिनविरोध पुढे येतं तशी आली.

आक्कानं हात काढून घेतले. तिनं पुन्हा ठेवले, पुन्हा ओढलं. थोरला तिच्याकडे बघत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. बाईंनी जे हातानं सांगितलं होतं तेच त्यात निघालं. गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, म्हणजे ती दोरी, पार तुटलेलं, आतल्या बाजूचं ताणलेलं, आणि दोन हाडांमधली गादी फाटून तिची एक पट्टी उलटून सांध्यात अडकलेली. म्हणून पाय सरळ होत नव्हता. ऑपरेशन लागेल. याच्याच मांडीमागच्या स्नायूची एक कंडरा काढून नवी दोरी घालायची, गादी जमली तर शिवायची. पुढे व्यायाम, आणि वर्षभर ओझं घेऊन वळायचं नाही.

सुनेनं विचारलं, की आधीच आलो असतो तर. बाई म्हणाल्या, की दोरी पहिल्याच दिवशी तुटली होती, त्याला कुणाचा इलाज नव्हता. त्या दिवशी बर्फ लावून, पाय उंच ठेवून नुसतं पडू दिलं असतं, ओढलं-भाजलं नसतं, तर त्रास कमी झाला असता. पण गादी त्या दिवशी फाटली नसावी. तुटक्या दोरीवर पुन्हा पुन्हा कामाला लावल्यानं ती चिरडत गेली.

कुणी लावलं हे त्यांनी विचारलं नाही. खोलीत चौघंच होते आणि त्यातल्या तिघांना ठाऊक होतं.

आक्का उठली आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा याची ती मनातल्या मनात उजळणी करत होती. खुर्चीतून न उठणारा तो तालुक्याचा डॉक्टर. चहा पिऊन जाणारा भाऊ. नको त्या बाजूने भारा फेकणारा धाकटा. सगळेच नालायक निघाले. एकेकाला ती मनात सोलत गेली. सगळे संपले, तरी राग उरलाच होता. मग ती उठून पाणी प्यायली.

ऑपरेशन झालं, तोवर गावाकडे पाऊस येऊन गेला. थोरला पडल्यावर उरलेला माथा धाकट्यानं बांधला होता. गंजी उघडली तेव्हा आतून वाफ आली आणि मुठीत धरलेलं गवत चिखलासारखं बोटांतून निघालं. धाकट्यानं वाऱ्याला दोष दिला. आक्कानं त्याला कुजलेलं गवत हातानं उपसायला लावलं, ट्रॅक्टर न वापरता, आणि तो उपसेपर्यंत तिथेच उभी राहिली.

थोरला कुबड्यांवर घरी आला त्याच आठवड्यात मामा बघायला आला. पट्टी सोडून जरा बघू, म्हणाला, शहरातले लोक शिवतात पण बसवत नाहीत. आक्कानं भावाला ओट्यावरच थांबवलं. तिनं फार काही म्हटलं नाही. गुरांचे पाय बघत जा, म्हणाली, गुरं बोलत नाहीत. मामा चहा न घेता गेला, आणि पुढे कित्येक महिने गावात सांगत होता, की बहिणीला शहराचं वारं लागलं.

व्यायामाची मात्र आक्काला अखेरपर्यंत शिसारी होती. एवढा थोराड पुरुष जमिनीवर पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन ती दाबतोय. दाबतोय आणि सोडतोय. मग टाच घासत मागे, टाच घासत पुढे. सून शेजारी बसून मोजायची. मग पाय ताठ ठेवून वर उचलायचा, आणि तेवढ्याला त्याच्या कपाळावर घाम यायचा. पहिले काही दिवस मांडीचा स्नायू ऐकायलाच तयार नव्हता. थोरला त्यावर हात ठेवून, डोळे लावून बसे, आणि तो हलत नसे. आक्का उंबऱ्यातून बघे आणि नाक मुरडून जाई. पण बघायला रोज येई. एकदा सून माहेरी गेली होती तेव्हा थोरला मोजायला चुकला, तर आत भाकरी-भाजी करणाऱ्या आक्कानं बाहेर न येता पुढचा आकडा सांगितला.

कुबड्या सुटल्या. मग पायरी चढणं, उतरणं, एका पायावर उभं राहणं. मांडी हळूहळू भरत आली. पुढची कापणी आली तेव्हा थोरला सरळ चालत होता, उतार चढत होता, गुडघा दुखत नव्हता, सुजत नव्हता. आक्का संध्याकाळी त्याच्यासमोर येऊन बसली आणि उताराकडे बघत म्हणाली, की गवत यंदा कमरेएवढं झालंय, आणि काही लोकांचे पायही आता घोड्यासारखे झालेत.

थोरल्यानं सांगितलं, की तपासणीला गेलो होतो. बाई म्हणाल्या दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो, नवी दोरी अजून कच्ची आहे. विळा चालवीन, बसून. भारा उचलणार नाही आणि गंजीवर चढणार नाही. वर्ष भरू दे.

“त्या काडीला काय कळतं गवतातलं,” आक्का म्हणाली.

थोरला म्हणाला, “मी त्या दिवशी उतारावरच सांगितलं होतं, आक्का. तुटलं म्हणून. बाईंनी तुझे हात धरून दाखवलं तेव्हा तुला पटलं. माझ्या तोंडाचं पटलं नव्हतं.”

आवाज चढवला नव्हता. मोसमाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि तो उठून आत गेला.

कापणी झाली. गवत वाळून खळ्यात आलं, गंजी उभी राहत गेली, आणि माथ्याची वेळ आली तेव्हा आभाळ पुन्हा भरून आलं. धाकटा शिडीकडे निघाला. आक्कानं त्याच्याकडे न बघताच त्याला बाजूला केलं, डोक्याला फडकं बांधलं आणि स्वतः शिडी चढली. मजूर बघत राहिले. या वयात ती गंजीवर चढली नव्हती, आणि माथा तर तिनं कधीच बांधला नव्हता; आधी मजुरीचा गडी बांधायचा, मग लेक.

थोरला खाली उभा होता, हात मागे बांधून. भारे वर जाऊ लागले तसा तो बोलू लागला. मध्ये टाक. कडेला नको, आधी मध्ये. पायानं दाब. अजून. डावीकडची कड खाली घे. आक्का करत गेली. तिचे गुडघे कुरकुरत होते, कमरेत कळ येत होती, गवताचं कुसळ डोळ्यात गेलं होतं. नक्कल करणारा तो मजूर भारा हातात धरून आ वासून उभा होता. आक्काला दुसऱ्यानं हुकूम सोडताना गावात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटचा भारा दाबून ती माथ्यावर टेकली आणि शिडीसाठी पाय पुढे केला. थोरला गंजीभोवती सावकाश फिरून आला. मान वर करून त्यानं मावळतीची बाजू बघितली.

“तिकडची बाजू सैल आहे,” तो म्हणाला. “उतरू नकोस. काढ ती आणि पुन्हा भर.”

सगळ्यांनी आक्काच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, हे खालूनही दिसत होतं. तिनं हात लांब करून त्या बाजूच्या गवतात खुपसला. हात कोपरापर्यंत आत गेला.

ती गुडघ्यांवर वळली आणि गवत उपसून खाली फेकायला लागली. थोडं काढून झाल्यावर थांबली.

“भारा द्या,” ती मजुरांना म्हणाली.

“थांब,” थोरला म्हणाला. “आधी सगळं काढ.”

तिनं सगळं काढलं.